चिअर्स म्हणजे दारू नाही गं

प्रिय आई,
फोनवर तू ऐकून घेत नाहीस म्हणून लिहून पाठवतोय, बाबांनाही वाचून दाखव. मी दारू पीत नाही. परवा कॉल चालू असताना तू जे "चिअर्स" ऐकलंस ते मी बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणालो होतो. इकडे इंग्लंडला ब्रिस्टलमध्ये पद्धतच आहे तशी, म्हाताऱ्या, शाळेची पोरं, सगळे उतरताना "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणतात, ड्रायव्हर नाही हं, नुसतं ड्राइव्ह. म्हणजे थँक्यू. आपण एसटीत कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडून उतरणारी माणसं, मला पहिल्यांदा वाटलं बसमध्येच पार्टी चाललीय की काय. आता न म्हणता उतरलो तर चुकल्यासारखं होतं.

आणि हा शब्द मुळात दारूचा नाहीच. ८०० वर्षांपूर्वी इंग्लिशमध्ये चिअर म्हणजे चक्क तोंड, चेहरा! जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनमधला कारा, स्पॅनिशमध्ये अजूनही चेहऱ्याला काराच म्हणतात. मग चेहऱ्यावरून मनातला भाव, बरा-वाईट कसाही, आपण नाही का म्हणत तोंड उतरलंय, तसं. पुढे त्यातला आनंदच तेवढा उरला, मग मेजवानी, मग मॅचमधला आरडाओरडा. ग्लास उचलून म्हणायचं हे गेल्या शंभरेक वर्षांतलं, आणि थँक्यू तर १९७० नंतरचं. आमचा साहेब मेलच्या शेवटी पण चिअर्स लिहितो, तो काय दर मेलला पितो का? मावशीला एवढं सगळं सांग, तिनेच डोक्यात भरवलंय तुझ्या.

चिमीच्या साखरपुड्याचे फोटो ऑफिसात बघत होतो तर शेजारचा म्हणाला चिअर अप. काही नाही, सर्दी होती जरा. जेवण वेळेवर चालू आहे, भाकरी पण जमायला लागलीय, कडा फाटतात एवढंच.

बाकी, २०,००० पाठवलेत, ह्या वेळी ५,००० कमी आहेत, रूमचं भाडं वाढलं, पुढच्या महिन्यात भरून काढतो. बाबांना म्हणावं लोनचा हप्ता आधी भरा, पण पत्र्याचं काम पावसाच्या आत उरकाच. सांगलीच्या स्थळाला फोटो पाठवायला माझी हरकत नाही, फक्त मावशीने त्यांच्या कानावर हे चिअर्स घातलं नसलं म्हणजे मिळवली. आणि डिसेंबरला येतोच असं त्यांना सांगू नका, चिमीच्या लग्नाचंही... सुट्टीचा अर्ज टाकलाय, तिकीट अजून काढलेलं नाही. चिमीला मीच सांगेन, तू बोलू नकोस.

रविवारी कॉल करतो. हल्ली तू मोबाईल असा धरतेस की नुसतं कपाळ आणि पंखा दिसतो, जरा खाली धर, तोंड दिसू दे.

तुझा,
बंड्या