पोषणाचं किट मार्चमध्ये, भूक आषाढात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्याच पेपरांत एक फोटो येतो, तुमच्याही येतो. मागे बॅनर, पुढे कंपनीचे टीशर्ट घातलेले साहेब लोक आणि मधोमध पोषण किट हातात धरून अवघडून उभी राहिलेली एखादी आई. वाईट काही नाही त्यात, देणाऱ्याने दिलंय, घेणाऱ्याने घेतलंय. पण हा फोटो कायम मार्चमध्येच का येतो, जुलैमध्ये का नाही, हे कुणी विचारत नाही म्हणून हे पत्र.

बँकेतून रिटायर झाल्यापासून मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या बाजूला लहान मुलांच्या आहारावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशोब बघतो (संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांना पुढच्या वर्षी परत त्याच कंपन्यांच्या दारात जायचंय). तर मार्चमध्ये पाड्यावर असतं कोण हो? दिवाळी झाली, भात-नाचणी घरात आली की माणसं वीटभट्टीवर निघतात, भिवंडी, वसई, जिथे काम मिळेल तिथे, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. लहान पोरं आईबरोबरच जातात. शिमग्याला घरी येतात, सण करतात, परत जातात. मग कंपनीची गाडी किट घेऊन येते तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि थोडीफार राहिलेली कुटुंबं, आणि लाभार्थ्यांची यादी तर भरायचीच असते, ती कशी भरते हे मी इथे लिहायला नको.

खरी ओढाताण पाऊस लागल्यावर सुरू होते. घरातलं धान्य तळाला गेलेलं, मजुरी बंद, आई दिवसभर आवणीला (भाताच्या लावणीला), धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, त्यात जुलाब-ताप, आणि दवाखान्यात जायचं तर ओढ्याला पाणी. पोरांची वजनं घसरतात ती याच महिन्यांत, कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा. रानभाज्या तेव्हा भरपूर असतात, टाकळा, कुर्डू, शेवळं, सगळं फुकट, पण त्या परतायला तेल नसतं आणि जोडीला डाळ नसते, अंडं तर लांबच. 1992-93 मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या वावर-वांगणीला शंभराच्या वर मुलं गेली तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला होता, आता त्याला तीस वर्षं उलटून गेली, पालघर वेगळा जिल्हा होऊनही दहा वर्षं उलटली. आणि हे फक्त तिथलंच आहे असंही नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत आपल्या राज्यात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. म्हणजे चारात एक. आणि सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजाच्या कामाला द्यायचा, पैसा देशात सगळ्यात जास्त येतो तोही आपल्याच राज्यात.

आता कंपनीवाले म्हणतात की काय करणार, मार्च एंड असतो, बजेट लॅप्स होतं. मीही आधी मान डोलवायचो, मग कायदा काढून वाचला (बँकेची सवय, सर्क्युलर वाचल्याशिवाय झोप येत नाही). कंपनी कायदा 2013 चं कलम 135. ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे, आणि कुठल्या कामांवर ते सातव्या परिशिष्टात दिलंय, त्यात पहिल्याच ओळीत भूक, गरिबी आणि कुपोषण आहे. पण 2021 पासून नियम असा आहे की काम जर चालू स्वरूपाचं म्हणून मंजूर केलेलं असेल तर उरलेला पैसा वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचा आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर खर्च करायचा. म्हणजे ज्या वर्षी काम सुरू झालं ते सोडून आणखी तीन वर्षं! मग मार्चमध्ये घाईघाईने किटं वाटायची सक्ती कायद्याने केलेली नाही, ती सोयीने आलेली आहे. किट मोजता येतं, त्याचा फोटो निघतो, बिल एकरकमी निघतं, आणि ऑडिटरला काही विचारावं लागत नाही.

दुसरं, पगाराचं. एका कंपनीच्या माणसाने आम्हाला सांगितलं की धान्याला पैसे देऊ पण माणसांच्या पगाराला नाही, अ‍ॅडमिनवर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. अहो ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ऑफिसच्या खर्चाला आहे, पाड्यावर जाऊन मुलाचं वजन करणारी आणि आईला शेजारी बसवून नाचणीची पेज शिजवून दाखवणारी जी बाई आहे तिचं मानधन हा प्रोजेक्टचाच खर्च आहे, तोच तर प्रोजेक्ट आहे. तिच्याशिवाय ते किट म्हणजे चौथ्या दिवशी संपलेली बिस्किटं आणि कुणालाच चव न आवडल्याने फडताळात पडलेला प्रोटीन पावडरचा डबा. हे सगळं त्यांना नीट लिहून पाठवलं, उत्तर आलं की पॉलिसी आहे.

आणि स्थानिक म्हणजे काय याचाही घोळच आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच म्हटलंय, बोईसर-तारापूरची एवढी मोठी एमआयडीसी मोखाड्याच्याच जिल्ह्यात आहे, पण हेड ऑफिस मुंबईत आणि पैसा कुठे जायचा ते तिथे ठरतं. काही जणांना आकांक्षित जिल्हाच, म्हणजे केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेला जिल्हाच, हवा असतो, त्या यादीत महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव आहेत, पालघर नाही, म्हणजे झालंच. शिवाय करसवलतीसाठीची 80जी आणि 12ए, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 ही नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, हे सगळं गावातल्या बचत गटाकडे कुठून असणार, मग पैसा शहरातल्या मोठ्या संस्थेकडे जातो आणि तिथून झिरपत झिरपत खाली येतो. फसवणूक होऊ नये म्हणून अटी हव्यातच, मी बँकेत होतो, मला ते कळतं. पण मोठ्या संस्थेने छोट्यांचे कागद सांभाळायचे आणि तांदूळ-डाळ-अंडी गावातच, बचत गटाकडूनच घ्यायची, एवढं करारात लिहायला काय हरकत आहे?

वेळ दिला तर काय होतं ते आपल्या जवळच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती देशी बियाणं जपल्याबद्दल, बायफ संस्था त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं होती म्हणून ती बियाणं बँक उभी राहिली. वालाचा वेल मार्चमध्ये लावून मार्चमध्येच फोटोला येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हा सगळं कंपन्यांवरच ढकलतोय. मुलांना खायला घालणं हे सरकारचं काम आहे. आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना 2015 पासून आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण, लहान मुलांना अंडी, योजना चांगलीच आहे, दर मात्र बाजाराच्या मागेच रखडत असतात. शाळेत अंडं द्यायचं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं आणि 2025 च्या जानेवारीत सरकारने सांगितलं की अंडी आणि साखरेला आम्ही पैसे देणार नाही, लोकसहभागातून बघा. आता डोंगरातल्या शाळेच्या हेडमास्तरने लोकसहभाग कुठून आणायचा, तर जवळच्या कारखान्यातून. अशा वेळी कंपनीने एक सत्र अंडी देऊन टाकली की सरकारला बरंच वाटतं, विषय मिटतो. सरकारचं काम सरकारनेच करावं, आणि कंपन्यांचा पैसा जिथे सरकार पोचत नाही तिथे जावा, स्थलांतर झालेल्या पोरांसाठी वीटभट्टीवर चालणारं पाळणाघर, आवणीच्या दिवसांत पाड्यावर दुपारचं शिजवलेलं जेवण, जूनच्या आधी भरून ठेवलेलं तेल, गूळ, उडीद, सुकट. ही कामं छोट्या संस्था करतात, हात राखून करतात कारण जुलैमध्ये खात्यात पैसे नसतात.

तुमचे बरेच वाचक कंपन्यांत नोकरीला आहेत म्हणून शेवटी एवढंच सांगतो. सीएसआरचे मंजूर प्रोजेक्ट कंपनीला वेबसाइटवर टाकावे लागतात आणि दरवर्षी सरकारकडे सीएसआर-2 नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात काम कुठल्या जिल्ह्यात, किती रुपये, कुठल्या संस्थेमार्फत हे दिलेलं असतं. आपापल्या कंपनीचा तो फॉर्म मागून घ्या, पोषणाच्या नावावर काय लिहिलंय बघा, आणि पैसे कुठल्या महिन्यात सुटले ते सीएसआरवाल्यांना विचारा. ते फॉर्ममध्ये नसतं.

आपला,
एक वाचक, नाशिक