आज कुठे पडलं? (सिम्युलेटरला गेम म्हणणाऱ्यांसाठी)

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या मुलांवर जो लेख आलाय त्यात फ्लाइट सिम्युलेटरला, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या प्रोग्रामला, सरळ मोबाईलवरच्या मारामारीच्या गेमांच्या रांगेत नेऊन बसवलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी काही शाळकरी पोरगा नाही, वय ५३, विक्रोळीला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवतात तिथे, नोकरी, राहायला घाटकोपरला असल्फा. आमच्या डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरायला जातं, पाहुणे आले की बोलता बोलता थांबतात, आम्ही नाही थांबत, सवय झालीये. विमानांचं वेड लहानपणापासून होतंच, पण गेली दोन वर्षं रात्री जेवणं उरकली की मी मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचं एक लढाऊ विमान बनवतोय. नाव ठेवलंय 'घार'. बायको रोज विचारते, काय हो, आज कुठे पडलं?

आता बनवतोय म्हणजे काय तर चित्र रंगवत नाही बसत. एक्स-प्लेन नावाच्या सिम्युलेटरबरोबर प्लेन मेकर म्हणून एक प्रोग्राम येतो, त्यात पंखाची लांबी, मुळाशी रुंदी किती टोकाशी किती, मागे किती झुकवलाय, आडवा छेद कसा, इंजिनाचा जोर, टाक्या कुठे आणि किती लिटरच्या, चाकं कुठे, सगळं आकड्यांत भरावं लागतं. मग सिम्युलेटर पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती येतो ते सेकंदाला कितीतरी वेळा मोजून बेरीज करतो. म्हणजे तुम्ही वाकडं काढलंत तर ते वाकडंच उडणार, तिथे वशिला चालत नाही. आमच्याकडे ड्रॉइंग चुकलं की जॉब रिजेक्ट, तसंच.

सुरुवात मी एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीच्या मारुत या लढाऊ जेट विमानापासून केली, एचएफ-२४. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक ठेवलेलंय, मुलगी चौथीत असताना तिला दाखवायला नेलं होतं, ती गेली घसरगुंडीकडे आणि मीच तासभर विमानाभोवती फिरत बसलो. कुर्ट टँक या जर्मन डिझायनरने आपल्या बंगलोरच्या लोकांना घेऊन केलेलं ते विमान, पहिलं उड्डाण १७ जून १९६१, चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी केलेलं. एकंदर १४७ बनली. अंग देखणं, आवाजापेक्षा वेगाने जायचं म्हणून आखलेलं, पण हवं ते इंजिन शेवटपर्यंत मिळालंच नाही, परदेशातलं जे ठरलं होतं ते पैशाच्या प्रश्नावरून बारगळलं आणि ऑर्फियसची दोन छोटी इंजिनं बसवून काम भागवावं लागलं. तरी १९७१ ला राजस्थानच्या बाजूला ते लढलं, आणि एक इंजिन गेल्यावर दुसऱ्यावर तळावर परत आल्याच्याही नोंदी आहेत.

मग कुठल्याही टूलरूमवाल्याच्या डोक्यात येईल तेच माझ्या आलं, इंजिन बदलून बघूया की. मारुतचीच मापं घेतली, लांबी १५.८७ मीटर, पंख टोकापासून टोकापर्यंत ९ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर, आणि आत टाकली जग्वार या दुसऱ्या लढाऊ विमानाची अडूर इंजिनं, आफ्टरबर्नरवाली, म्हणजे मागच्या झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारी. कागदावर एकदम झकास, जोर दीडपटीच्या वर गेला. पहिल्याच उड्डाणात घार रनवेवरून उठली, नाक वर, अजून वर, मी स्टिक पुढे दाबतोय तरी वरच, शेपटीवर उभी राहिली आणि पाठीवर पडली. असं सात-आठ रात्री चाललं, आणि मी आपला पंखालाच दोष देत बसलो.

कारण कळलं ते मस्जिद बंदरला, एका हातगाडीवाल्याकडे बघून. गाडीवर मागच्या बाजूला गोणी जास्त झाल्या आणि पुढचे दांडे त्याला उचलूनच वर निघाले, तो बिचारा दांड्याला लटकला. अडूर हे ऑर्फियसपेक्षा वजनाने जवळजवळ दुप्पट आणि मारुतची इंजिनं पार मागे, म्हणजे मी विमानाच्या ढुंगणावर आठेकशे किलो जास्तीचे ठेवून दिले होते आणि सीजी, म्हणजे वजनाचा मध्य, पंखाच्या उचलीच्या मागे सरकला होता. मग नाकात वजन टाकलं, पुढची टाकी मोठी केली, शेपटीचा आडवा पंख वाढवला. उडाली. पण वीस मिनिटांनी परत तेच, कारण पुढची टाकी आधी रिकामी व्हायची आणि वजन पुन्हा मागे. शेवटी मागच्या टाकीतलं तेल आधी जाईल असं लावलं तेव्हा कुठे बाईसाहेब सरळ उडायला लागल्या. हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं ठसवून शिकवलं नसतं, आणि तुमचे लेखक म्हणतात अंगठे झिजतात.

आणि एक सांगतो, मारुत बनवणाऱ्यांनीही धातूचं विमान करायच्या आधी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं होतं, डाकोटा या मालवाहू विमानाच्या मागे दोरीने बांधून वर न्यायचे आणि सोडायचे, १९५९ ची गोष्ट. इंजिन नसलेलं विमान आधी उडवून बघायचं, चुका तिथेच काढायच्या. त्यांच्या काळातला सिम्युलेटरच की तो, फक्त आत खराखुरा माणूस बसलेला. पुढे जानेवारी १९७० मध्ये सुरंजन दास गेले ते आफ्टरबर्नरवाल्या मारुतच्या चाचणीतच. हे वाचलं त्या रात्री मी कॉम्प्युटर लावला नाही. माझी घार पडली तर मी रीसेट दाबतो आणि चहा ठेवतो.

जुहूचाही किस्सा सांगून टाकतो. १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले त्या जुहूला आपली घार उतरवायची अशी हौस. हिशोब केला, ८००० किलोचं विमान आणि २८ चौरस मीटरचा पंख म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या खाली ते हवेत राहतच नाही, उतरताना दोनशे सत्तर तरी हवेत. रनवे आहे साधारण ११०० मीटर. तरी गेलो, हट्ट. चाकं टेकली, ब्रेक दाबले, रनवे संपला, जुहू तारा रोड ओलांडला आणि थेट समुद्र. मुलगी मागून बघत होती, म्हणाली बाबा पाणीपुरी खाऊनच या आता.

तेव्हा विनंती दोन. एक, पालकांनी मुलगा सिम्युलेटर लावून बसला की लगेच ओरडू नये, आधी विचारावं की नुसतं उडवतोयस की बनवतोयस पण. नुसतं उडवत असेल तरी हरकत नाही, पण बनवायला लागला की गणित आपोआप मागे लागतं. पैशाचाही प्रश्न नाही, फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे, त्यातही स्वतःचं विमान घालता येतं, शाळांच्या कॉम्प्युटर लॅब मे महिन्यात कुलूपबंदच असतात. दुसरी विनंती सायन्स सेंटरवाल्यांना, तुमच्यामार्फत. त्या मारुतच्या जवळपास सावलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि त्याच मापांचं विमान आत भरून ठेवा, पोरांना बाहेर खरं विमान बघू दे आणि आत येऊन इंजिन बदलून पाडू दे. माणूस लागत असेल तर रविवारी मी रिकामा असतो, जॉयस्टिक माझी घेऊन येईन.

आपला,
असल्फ्याचा एक टूलरूमवाला, घाटकोपर (प.)

ता. क. लेखासोबत लढाऊ विमानाचं कॉकपिट म्हणून जो फोटो छापलाय तो दोन पायलट शेजारी शेजारी बसलेल्या प्रवासी विमानाचा आहे.