अकरा नोड, अठरा नोड

फोंडा,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी रात्री तू फोनवर विचारलंस, "सरळ सांग, भाईंना किती वर्षं?" आणि पावसामुळे काही ऐकू येत नाही असं म्हणून मी फोन ठेवला. पाऊस होता खरा, पण ऐकू सगळं येत होतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू दर वाक्याला "म्हणजे किती?" म्हणून तोडलं असतंस आणि मीही कंटाळून एखादा आकडा टाकून सुटका करून घेतली असती.

तू पाठवलेला भाईंच्या जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट दोनदा वाचला. त्यातलं तुझ्या कामाचं सगळं एका ओळीत आहे, 'वायपीटी३ एन१, आर०'. जठराची भिंत आपल्या बेबिंकासारखी थराथरांची असते. आतलं अस्तर, त्याखालचा थर, मग स्नायू, मग पातळ चरबी आणि सर्वांत बाहेर एक तलम आवरण. टी३ म्हणजे रोग स्नायू ओलांडून त्या आवरणाच्या अलीकडे थांबलाय. आवरण फोडून बाहेर आला असता तर टी४ लिहिलं असतं. एन१ म्हणजे एक किंवा दोन लसीकाग्रंथींत, आम्ही नोड म्हणतो त्यांत, तो पोचला होता. आर० म्हणजे कापलेल्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाल्या. त्या तीन अक्षरांपैकी सर्वांत मोठा दिलासा याचा आहे, आणि फोनवर तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. पुढे लावलेलं 'वायपी' म्हणजे ही तपासणी केमोनंतरची आहे. ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या, धंद्यातली गोष्ट. तुला वाटत असेल, नोड मोजायला एखादं यंत्र असतं. नाही रे. जठराचा काढलेला भाग आमच्याकडे फॉर्मलीनमध्ये येतो. तो उघडायचा, कडांना शाई लावायची, आणि मग भोवतीची सगळी चरबी बोटांच्या चिमटीत धरून चाचपत बसायचं. नोड कधी चण्याएवढा, कधी तांदळाच्या दाण्याएवढा. केमोनंतर ते आणखी आक्रसतात आणि चरबीतून वेगळे ओळखू येत नाहीत. चांगल्या दिवशी या कामाला तासभर लागतो. टेबलावर आणखी आठ नमुने वाट बघत असले की तो तास कुठून आणायचा?

भाईंच्या रिपोर्टात होतं, '११ पैकी १'. जठराच्या कॅन्सरमध्ये निदान १६ नोड तपासावेत असा संकेत आहे, ३० मिळाले तर उत्तम. अकरा बघून मला चैन पडेना. जिने रिपोर्ट केलाय ती माझ्या ओळखीची. तिला फोन केला. (दुसऱ्याच्या रिपोर्टात नाक खुपसणं आमच्यात फार वाईट समजतात, पण तिने राग मानला नाही.) उरलेली चरबी अजून बरणीत होती. तिने ती पुन्हा काढली, शनिवारी दुपारी बसून चाचपली, आणि आणखी सात नोड सापडले. सातही स्वच्छ. म्हणजे आता १८ पैकी १. सुधारित रिपोर्ट या आठवड्यात वहिनींच्या हातात पडेल.

इंटरनेटवरच्या गणकयंत्रात तू भाईंची माहिती भरून एक टक्केवारी काढली होतीस, आठवतंय? तसल्या गणकांतला एक जुनाजाणता आहे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयाचा, २००३ सालचा, १,०३९ रुग्णांवर बेतलेला. तो वय, लिंग, गाठ जठरात कुठे होती, तिची जात आणि खोली विचारतो. शिवाय रोग असलेले नोड किती आणि स्वच्छ नोड किती, हेही वेगवेगळं विचारतो. शनिवारी सकाळी स्वच्छ नोड दहा होते, संध्याकाळी सतरा झाले. मी दोन्ही वेळा भरून पाहिलं. संध्याकाळचा आकडा वर सरकला. किती ते सांगत नाही. त्या दिवशी भाई सोप्यावर बसून नवप्रभा वाचत होते, त्यांच्या शरीरात तसूभरही बदल झाला नव्हता. बदल झाला तो एका बरणीत, कित्येक मैलांवर. म्हणून म्हणतो, तो आकडा भाईंचा म्हणून धरू नकोस. आम्हाला त्यांच्याबद्दल किती कळलंय, त्याचा तो आकडा.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याला सातवीत 'अ' तुकडीतून काढून 'ब'मध्ये टाकलं होतं, तू नि मी? आपण 'अ'मध्ये तळाला होतो, 'ब'मध्ये गेल्यावर पहिल्या पाचांत. त्या वर्षी दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढली आणि हेडमास्तरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. कॅन्सरच्या आकडेवारीतही हे होतं. जास्त नोड तपासले की कालपर्यंत दुसऱ्या टप्प्यात बसणारे काही रुग्ण तिसऱ्यात जातात. दुसऱ्यातले कच्चे निघून जातात, तिसऱ्यात थोडे बरे येतात. दोन्ही टप्प्यांचं आयुर्मान वाढलेलं दिसतं, आणि प्रत्यक्षात एकही माणूस एक दिवसही जास्त जगलेला नसतो. फाइनस्टाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९८५ साली हे दाखवून दिलं. तेव्हा अमुक देशात दुसऱ्या टप्प्याचे लोक जास्त जगतात, असं कुणी पाठवलं की मी आधी विचारतो, तिथे नोड किती तपासतात?

आता त्या गणकाच्या अचूकपणाबद्दल. त्याचा निर्देशांक ०.८० आहे. ऐकायला ऐंशी टक्के बरोबर असं वाटतं ना? तसं नाही ते. दोन रुग्ण घ्यायचे आणि यातला कोण आधी जाईल ते त्याला विचारायचं. शंभर जोड्यांमागे ऐंशी वेळा त्याचं उत्तर बरोबर येतं. नाणं उडवलं असतं तरी पन्नास वेळा आलं असतंच. रांग लावायला हे उत्तम आहे, तारीख काढायला नाही. आणि तो फक्त या रोगाने येणारं मरण मोजतो. भाईंच्या हृदयातल्या स्टेंटची, त्यांच्या साखरेची त्याला खबर नाही. त्यातून ते 'वायपी'. जुनी कोष्टकं आधी शस्त्रक्रिया झालेल्यांवरून तयार झालीत. आधी केमो घेतलेल्यांसाठी टीएनएमच्या, म्हणजे या टी-एन वरून टप्पे ठरवायच्या पद्धतीच्या, आठव्या आवृत्तीत वेगळं कोष्टक करावं लागलं, ते उगाच नव्हे.

भाईंना दिलेली केमो म्हणजे फ्लॉट, चार डोस आधी, चार नंतर. तिची मोठी चाचणी जर्मनीत झाली, ७१६ रुग्णांवर, निकाल २०१९ चा. जुन्या औषधांत मध्यक आयुर्मान ३५ महिने होतं, फ्लॉटमध्ये ५०. तू हे वाचलंयस हे मला तुझ्या आवाजावरून कळलं, कारण तू म्हणालास, "म्हणजे चार वर्षं." बाबल, तू बँकेत जन्म काढलास, मध्यक म्हणजे काय हे मी तुला शिकवायचं? पन्नासाव्या महिन्याला अर्धे लोक हयात होते. त्यांचा हिशेब त्या आकड्यात कुठेच नाही. आणि हो, शस्त्रक्रियेनंतरचे सगळे डोस त्या चाचणीतही निम्म्याहून कमी जणांना झेपले. भाईंचा एखादा डोस पुढे ढकलला तर वहिनींना फोन करून घाबरवू नकोस.

मग डॉक्टर मंडळी आपल्या अनुभवाने तरी नीट सांगतात का? २००० साली शिकागोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या अवस्थेतल्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, हा किती जगेल? पाचांतला एकच अंदाज बरोबर निघाला. बहुतेकांनी जास्त सांगितलं, एकूण हिशेबात पाचपटीहून थोडं जास्तच. आणि ज्या डॉक्टराची रुग्णाशी जितकी जुनी ओळख, तितका त्याचा अंदाज चुकलेला. मला भाईंनी देवळाच्या तळीत ढकलून पोहायला शिकवलंय. माझा आकडा तू कशाला मागतोस?

काल त्यांना बघून आलो. वजन उतरलंय, सदरा हँगरला लावल्यासारखा दिसतो. पण नजर तीच, आणि मी आत पाऊल टाकताच "चप्पल बाहेर काढ" हेही तेच. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात. पेज, लोणच्याची फोड, मऊ मासा. जठराचा खालचा मोठा भाग गेलाय, तेव्हा पूर्वीसारखं ताट त्यांच्यापुढे ठेवून चालणार नाही. गेल्या आठवड्यात वहिनींनी हौसेने मणगणे केलं होतं. वाटीभर खाल्लं आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. घरात रडारड. रोग परत आला असं सगळ्यांना वाटलं. काही नव्हतं रे. गोड पदार्थ अडवायला जठर पुरेसं नसलं की तो भसकन आतड्यात उतरतो आणि शरीराची अशी धांदल उडते. गूळ-साखर कमी, जेवताना पाणी नाही, जेवून थोडं पडायचं, एवढ्याने सुधारतं. हे आधी कुणी वहिनींना बसवून सांगितलं नव्हतं. टक्केवारी मात्र तीन जणांनी सांगितली होती.

मला विचारशील तर तुझा प्रश्न मी असा बदलेन. हा रोग परतायचा असला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून आजचा आकडा आजच्यापुरता. एक वर्ष निभावलं की नवा हिशेब करायचा, तो आजच्यापेक्षा चांगला असतो. दोन निभावली की आणखी चांगला. पुढच्या श्रावणात हाच प्रश्न विचार, तेव्हा मी पावसाचं निमित्त करणार नाही. तोपर्यंत विचारण्यासारखं दुसरंच पुष्कळ आहे. वजन दर पंधरवड्याला लिहितायत का, हिमोग्लोबिन नि अल्ब्युमिन किती, बी-१२ कधी तपासायचं, पुढची भेट कुठल्या तारखेला. ही यादी तू ठेव. पुण्यात बसून तुला करता येण्यासारखं हे आहे, आणि वहिनींच्या डोक्यावरचं तेवढं कमी होईल.

भाईंनी मला आकडा विचारला नाही. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "गणपतीवरची माटोळी बांधायला शिडीवर चढू देतील काय रे?" मी म्हटलं, सर्जनांना विचारतो. विचारलं. चढू देणार नाहीत, वजन उचलू तर मुळीच नाही. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, ते काम तुझं. तू चवथीच्या आदल्या दिवशी येऊन उपयोग नाही, चार दिवस आधी ये. शिडीवर तू चढ, ते खालून सांगतील. माटोळीला लागणारी कांगलां नि घागऱ्या ही रानफळं कुठल्या राईत मिळतात हे त्यांना एकट्यालाच ठाऊक आहे, त्यांना गाडीत बसवून तिथवर नेऊ. मीही रजा टाकलीय.

आणि मणगणे वहिनींना करू दे. भाईंच्या वाटीत दोन चमचे.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गुरू