दादाच्या ट्रंकेतली इंद्रजाल

पुणे,
रविवार

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

दादाच्या ट्रंकेतली कॉमिक्स विकायची ठरवलीस, त्याला माझी हरकत नाही. नव्या फ्लॅटमध्ये माळाच नाही, वहिनी म्हणतात तेही खरं आहे. माझी विनंती एवढीच की सगळी ट्रंक एका माणसाला, एका आकड्यात देऊन मोकळा होऊ नकोस. आणि मराठी अंक इंग्रजी-हिंदीच्या ढिगात तर मुळीच जाऊ देऊ नकोस.

तू पाठवलेले फोटो मोठे करून करून पाहिले. बहुतेक अंक इंद्रजालचे आहेत. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने इंद्रजाल मार्च १९६४मध्ये सुरू केलं आणि १९९०मध्ये बंद केलं. सुरुवातीचे अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे, म्हणून त्यांना मागणी सगळ्यात जास्त. जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी मागाहून आली. आबिद सुरतींचा बहादूर तर १९७६चा. तुझ्याकडे बहादूर बरेच दिसतात. ते जप, आपल्या मातीतला नायक म्हणून त्यांना वेगळं गिऱ्हाईक असतं.

यादी करताना क्रमांकांनी गोंधळू नकोस. ४४३व्या अंकापर्यंत आकडे सलग चालतात, पुढे वर्ष २०, अंक १ अशी पद्धत सुरू होते. १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. हे दोन नाहीत म्हणून संच अपुरा, असं सांगून कोणी भाव पाडायला लागला तर त्याला हे ऐकव.

अमर चित्रकथांचं गणित वेगळं. अनंत पैंनी ही मालिका १९६७मध्ये सुरू केली आणि तिच्यातली पुस्तकं इतक्या वेळा पुन्हा छापली गेली की चित्रावरून जुनं-नवं कळत नाही. राम वाईरकरांनी काढलेला ‘कृष्ण’ तुझ्याकडे आहे. तो पहिल्या छपाईचा असला तर फार चांगली गोष्ट. पण आधी कव्हरवरची किंमत बघ, आणि आत किंवा मागे इतर पुस्तकांची यादी असेल तर तीही वाच. त्या यादीत बऱ्याच नंतरची नावं असतील, तर ती प्रत पुनर्मुद्रणाची.

मी ज्या दुकानात जातो ते पेठेत आहे, अरुंद, पोटमाळ्यापर्यंत भरलेलं. तिथले काका अंक हातात घेतला की चित्राकडे पाहतच नाहीत. आधी पानं मोजतात. मग मधल्या पिना बघतात, गंजल्यात का, त्यांच्याभोवती कागद फाटलाय का. कूपन कापून नेलंय का, शब्दकोडं पेनने सोडवलंय का, वाचनालयाचा शिक्का कुठे आहे, हे सगळं झालं की मग भावाचं बोलतात. बाइंडिंग केलेल्या अंकांना भाव कमी येतो, कारण बाइंडरने कडा कापलेल्या असतात. तरी तुझे बांधलेले दोन खंड उसवू नकोस. उसवताना पानं हमखास फाटतात, आणि त्या पुठ्ठ्यांमुळेच ते अंक इतकी वर्षं टिकलेत.

घरी काहीही दुरुस्ती करू नकोस. सेलोटेप तर नकोच, तो काही वर्षांत तपकिरी होतो आणि डाग कागदात उतरतो. डांबरगोळ्याही टाकू नकोस, त्यांचा वास कागदात मुरतो. अंक कोरड्या जागी, आडवे, थोडे थोडे ठेव. आणि दादाने कोपऱ्यात पेन्सिलीने घातलेल्या तारखा खोडू नकोस! दुकानदार त्याला खराबी म्हणेल, पण मराठी अंक आपल्या गावात कधी पोचला हे त्या तारखांवरून कळतं, दुसरीकडे कुठे हे लिहिलेलं मिळणार?

काका विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी देऊ करतील. रागावू नकोस. दहा अंक घेतले की दोनच लवकर खपतात, बाकीचे त्यांना सांभाळावे लागतात, पैसा अडकून राहतो. घाई नसेल तर निवडक अंक त्यांच्याकडे विक्रीवर ठेव. विकले गेले की पैसे मिळतील आणि रक्कमही जास्त हातात येईल. इंटरनेटवर लोक वाटेल ते आकडे लावून बसलेले असतात. मागितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत खूप अंतर असतं. काकांच्या वहीत खरोखर विकलं गेलेलंच लिहिलेलं असतं, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

आता मराठीबद्दल. इंग्रजी इंद्रजालला देशभर गिऱ्हाईक आहे, म्हणून त्याचा भाव ठरलेला. मराठी अंक मागणारे थोडे, त्यामुळे दुकानात त्याला कमी पैसे सांगतात, आणि विकणारा तो नगण्य समजून वजनावर देऊन टाकतो. प्रत्यक्षात शोधायला गेलास तर चांगल्या स्थितीतला मराठी वेताळ सहजी मिळत नाही. आपण तो वाड्यातल्या दहा पोरांत फिरवला, कव्हर निघेस्तोवर वाचला. शाळेच्या पुस्तकाबाहेरचं सलग मराठी वाचन आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्याच्यापासून सुरू केलं. या अंकांचा पूर्ण संच एका जागी राहावा असं मला मनापासून वाटतं, आणि गेली काही वर्षं मी त्याच्याच मागे आहे. दादाच्या ट्रंकेत माझ्याकडे नसलेले निदान काही तरी निघतील.

म्हणून असं करू. इंग्रजी, हिंदी आणि चित्रकथा तू दुकानात दाखव, मी बरोबर येतो. मराठी अंकांचा भावही काकांनाच सांगू दे. ते गिऱ्हाइकाला ज्या किमतीला विकतील, त्या किमतीला मी घेतो. मैत्रीखातर सूट देऊ नकोस, पैसे दादाच्या मुलीच्या शिक्षणाला जाणार आहेत ना? तिला त्यातले एक-दोन ठेवायचे असतील तर आधी तिने निवडावेत, मग मी.

ट्रंक घेऊन एकदम येऊ नकोस. आधी भाषा, क्रमांक आणि पानं पूर्ण आहेत की नाहीत एवढी यादी पाठव. रविवारी दुकान सकाळी उघडं असतं, दुपारी काका जेवायला घरी जातात, म्हणून पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या आत पोच.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश