मुलांच्या मिस्सात बोलायचे कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील चर्चमधल्या स्त्रियांविषयीचा लेख वाचला आणि मुद्दाम एक दिवस जाऊ दिला, कारण त्याच दिवशी लिहायला बसले असते तर हे पत्र आपल्याला छापता आले नसते. लेखकमहाशयांनी आम्हां स्त्रियांचे तोंडभरून कौतुक केले आहे, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. धर्मशिक्षणाची धुरा स्त्रियांच्याच खांद्यावर असताना त्यांना प्रवचनाचा हट्ट कशासाठी, असा त्यांचा सवाल आहे. धुरा बैलाच्याही खांद्यावर असते; गाडी कुठल्या वाटेने न्यायची हे त्याला कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, मी 26 वर्षे दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत आले आहे. मला धर्मगुरू व्हायचे नाही, आणि कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्याच्या कलम 767 नुसार मिस्सातील, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेतील, प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक) यांच्यासाठी राखून ठेवलेले आहे, हे मला लेखकांनी सांगण्याची गरज नव्हती. त्याच्याच आधीचे कलम 766 मात्र त्यांनी वाचलेले दिसत नाही. तसा प्रसंग किंवा गरज असेल तेथे प्रापंचिकांनाही, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांनाही, चर्चमध्ये उपदेश करू देता येतो, असे त्यात म्हटले आहे. लहान मुलांच्या मिस्सासाठी रोमने 1973 साली काढलेली मार्गदर्शिका तर आणखी पुढे जाते. बायबलमधल्या शुभवर्तमानाच्या वाचनानंतर, चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंची संमती असल्यास, एखाद्या मोठ्या माणसाने मुलांशी बोलायला हरकत नाही, विशेषतः मिस्सा करणाऱ्या फादरांना मुलांच्या कलाने घेणे जड जात असेल तेव्हा, अशी मोकळीक तिने दिलेली आहे. ते मोठे माणूस पुरुषच असावे, अशी अट तिच्यात मला तरी सापडली नाही.

मार्गदर्शिकेतल्या या पानाची झेरॉक्स घेऊन मी आमच्या शिक्षकांच्या सभेत गेले होते. तेव्हाच्या फादरांनी ती चाळली आणि हसून म्हणाले, "टीचर, मग मिस्सासुद्धा तुम्हीच करा ना." सगळे हसले. खरे सांगायचे तर बायका जरा जास्तच हसल्या.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, एका शनिवारी संध्याकाळी त्याच फादरांचा फोन आला. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात हरवलेल्या नाण्याचा दाखला, म्हणजे येशूची बोधकथा, होती आणि मुलांना सांगण्यासाठी त्यांना एखादी गोष्ट हवी होती. मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. खळ्यावर भात पाखडताना तिच्या कानातली सोन्याची कुडी पडली, तेव्हा कंदील आणि केरसुणी घेऊन तिने अर्ध्या रात्रीपर्यंत सगळे खळे झाडले, तुसाचा ढीग मूठ मूठ करून चाळणीतून काढला, आणि कुडी सापडल्यावर सकाळी आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावून गुळाचा चहा पाजला. वडील त्या चहाच्या खर्चावरून पुढे कित्येक दिवस कुरकुरत होते. येशूने सांगितलेल्या दाखल्यातली बाईसुद्धा नाणे सापडल्यावर शेजारणींना गोळा करतेच.

रविवारी फादरांनी ही गोष्ट आपल्या आजीची म्हणून सांगितली. तेही एक वेळ चालले असते. पण त्यांच्या गोष्टीत कुडी विहिरीत पडली आणि ती काढायला उडी मारणारा एक काकाही त्यांनी कुठूनसा पैदा केला. कंदील गेला, केरसुणी गेली, आणि ज्या दाखल्यात प्रभूने देवाच्या आनंदाला केर काढणाऱ्या बाईच्या आनंदाची उपमा दिली, त्यातून बाईच नाहीशी झाली. माझ्या वर्गात ती गोष्ट पूर्वी ऐकलेला एक मुलगा तिसऱ्या बाकावरून मागे वळून मोठ्याने म्हणाला, "टीचर, ही तर तुमची गोष्ट!" मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केले. त्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण त्या चर्चमध्ये त्या क्षणी खरे बोलणारा तो एकटाच होता.

लेखकांनी परंपरेचा दाखला दिला आहे. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना पहिल्यांदा मरिया माग्दालेना हिने सांगितली, म्हणून चर्चच्या परंपरेत तिला प्रेषितांची प्रेषिता म्हटले जाते आणि 2016 मध्ये 22 जुलैच्या तिच्या दिवसाला सणाचा दर्जाही देण्यात आला. अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, असे बायबलमधले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगते. ही परंपरा नव्हे काय? पोप फ्रान्सिस यांनी 2021 च्या जानेवारीत मिस्सात बायबल वाचणाऱ्या वाचकाचे सेवापद स्त्रियांना खुले केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले. आमच्या धर्मग्रामात त्यानंतर धर्मशिक्षिकांना नव्याने मिळालेली गोष्ट म्हणजे नाताळातला स्टीलचा डबा. डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसते.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राविषयीही एक तक्रार आहे. नाताळ असो, गुड फ्रायडे असो की एखाद्या चर्चची यात्रा, आपल्याकडे ते नेहमी 'ख्रिस्ती बांधव'च साजरे करतात. स्त्रियांवरच्या या लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखालीही 'प्रार्थनेत तल्लीन झालेले ख्रिस्ती बांधव' अशीच ओळ आहे. मी ते छायाचित्र भिंग लावून पाहिले. त्यात 11 चेहरे दिसतात. त्यांपैकी 9 बायका आहेत, दहावे कडेवरचे मूल आहे आणि अकरावे गृहस्थ मोबाइल पाहत आहेत.

आपली,
एक धर्मशिक्षिका, वसई