नापोलीहून आजीला

प्रिय आजी, साष्टांग नमस्कार,

मागे फोनवर तू विचारलंस ना, तिकडच्या जुन्या रोमन लोकांच्या घरात देवघर असायचं का, तर असायचं, आणि पॉम्पेईत ते अजून बघायला मिळतं कारण इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला नि अख्खं गाव राखेखाली गेलं. रविवारी तिथे वेत्ती नावाच्या मालकांचं घर बघून आले (दाराशीच दृष्ट लागू नये म्हणून एक चित्र काढलंय, ते कसलं ते मी लिहिणार नाही, दादाला विचार). आत स्वयंपाकघराला लागून छोटा चौक आहे, तिथे भिंतीवर देव रंगवलेत, मधे घरधन्याचा रक्षक देव, दोन्हीकडे नाचणारे लारेस म्हणजे घराचे राखणदार, आणि खाली मोठा साप वेदीकडे चाललाय. कोठीचे देव वेगळे, पेनातेस. काटो नावाच्या रोमन म्हाताऱ्याने शेतीच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की कारभारणीने महिन्यातून तीन ठरलेल्या दिवशी चुलीवर हार घालायचा, आणि रोज झोपायच्या आधी चूल झाडून स्वच्छ करायची.

एवढं सोवळं, आणि गंमत बघ, कितीतरी घरांत संडास त्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीपासून दोन पावलांवर! मला तर बघूनच कसंतरी झालं. मुलं फार दगावायची, साधारण निम्मी दहा वर्षांच्या आत जायची असा अंदाज आहे, मग देवांचा धावा होणारच. बाळंत झालं की रात्री तिघं पुरुष घराभोवती फिरून उंबऱ्यावर कुऱ्हाड नि मुसळ मारायचे, मग झाडूने झाडायचे, म्हणजे रानातला देव सिल्वानस बाळंतिणीला त्रास द्यायला आत येणार नाही. तू पाचवीला सटवाई पुजतेस तसंच की गं हे. मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवायचे, मुलीचं आठव्या, आणि मुलाच्या गळ्यात बुल्ला नावाचा ताईत, तो मोठा झाल्यावर काढून लारेसना वाहायचा.

औषधपाणी पण घरातच, घरधनीच वैद्य. त्या काटोचा सगळा भरवसा कोबीवर, पोटाला कोबी, जखमेला कोबी, आणि कोबी खाणाऱ्याच्या लघवीने बाळाला अंघोळ घाला म्हणतो (आईला हे अजिबात वाचून दाखवू नकोस). सांधा निखळला तर हिरवा बोरू उभा चिरून दोघांनी कमरेशी धरायचा नि वर मंत्र म्हणायचा, ज्याला काही अर्थच नाही. मला वाटतं नुसतं धरून बसवल्यानेच निम्मं बरं वाटत असेल. खरा डॉक्टर रोममध्ये आला तो ग्रीसहून, इ.स.पू. 219 मध्ये, आर्खागाथस नाव त्याचं, सरकारी पैशाने त्याला दवाखाना घेऊन दिला, आधी लोक खूष, पण तो इतकं कापायचा नि डागायचा की पुढे त्याला खाटीकच म्हणायला लागले.

दादाला सांग फोटो पाठवलेत, मोठे करून दाखव म्हणावं.

तुझी,
चिमी