बाबांची बैठक आणि आईची विळी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुजरीतल्या पेढीवर मांडी घालून, उतरत्या मेजावर वाकून तुम्ही जन्मभर हिशेब लिहिलेत आणि आता निवृत्तीनंतरही पतसंस्थेच्या वह्या त्याच बैठकीत तपासता. ‘मी ताठ बसतो, मला काय होणार?’ हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आपण उठतो, चालतो, वळतो तेव्हा त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होतो आणि त्याची त्यांच्या पोषणाला मदत होते, त्यामुळे कितीही ताठ बसले तरी तासन्‌तास न हलणे पाठीला मानवत नाही. त्यातून वही समोर आली की तुम्ही ताठ राहत नाही, हे आईलाही ठाऊक आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा पुढे वाकून बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त भरला होता.

म्हणून वह्या जेवणाच्या टेबलावर, सरळ पाठीच्या खुर्चीत बसून तपासाव्यात. कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी, पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत आणि अर्ध्या तासाने उठावे. आईने चहाला हाक मारल्यावर ‘आलोच’ म्हणून बसून राहणे यात धरले जाणार नाही. हॉलमधल्या मऊ सोफ्यात कंबर रुतते, तो पाहुण्यांसाठीच बरा.

आई, तुझी काळजी वेगळी आहे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होत जातात आणि मग भरलेली बादली किंवा रश्श्याचे पातेले कमरेतून वाकून उचलताना मणका दबून मोडूही शकतो. विळीची सर चाकूला नाही, हे मान्य. तरीही भाजी टेबलाशी बसून चिरावीस, जड भांडे दोघांनी मिळून उचलावे आणि हाडांची घनता मोजणारी तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

रंकाळ्यावरचे फिरणे मात्र चालू ठेवा. पायाला बधिरपणा आला, पायातली शक्ती गेल्यासारखी वाटली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल-मालिश आणि पट्ट्यावर वेळ न घालवता, मला फोन करण्याआधीच डॉक्टरांकडे जावे.

बाबांची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची मोजून कळवावी, म्हणजे खुर्ची त्या मापाची घेता येईल.

तुमची लेक